पिकदाणी चोरणारा चोर

'मदर ३' या गेममध्ये डस्टर नावाचा एक चोर आहे. एका पायाने लंगडा, अबोल, जरा गबाळा. चोरीचं शिक्षण त्याला त्याच्या बापानेच दिलंय. गावाजवळच्या ओसोहे किल्ल्यात एक फार महत्त्वाची वस्तू आहे, ती रातोरात काढून आण, असं बाप त्याला सांगतो. डस्टर जातो. भुतांनी भरलेल्या त्या किल्ल्यातून जीव मुठीत धरून परत येतो आणि आणलेली वस्तू बापासमोर ठेवतो. ती निघते पिकदाणी. राजघराण्यातली असली तरी शेवटी पिकदाणीच. बाप कपाळावर हात मारतो आणि दोघांना पुन्हा किल्ल्यात जावं लागतं.

गेल्या पंधरा वर्षांत मी पैसे न देता जेवढे गेम मिळवले, त्यातल्या बहुतेक पिकदाण्याच होत्या. एक नव्हता. तो हाच.

(पुढे 'मदर ३'ची जवळजवळ सगळी गोष्ट उघड केली आहे. ज्यांना तो कोरा खेळायचाय त्यांनी इथेच थांबावं. अर्थात, तो कायदेशीर मार्गाने इंग्रजीत कसा खेळायचा हे मला सांगता येणार नाही. हा लेख त्याबद्दलच आहे.)

*

२०१० सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी चुलतभावाकडे राहायला गेले होते. दादाकडे जुना, जाड पीएसपी होता. त्यात एकाही गेमची डिस्क नव्हती. दुकानदाराने पीएसपी 'हॅक करून' दिला होता आणि मेमरी स्टिक गच्च भरून दिली होती. त्यात पीएसपीचे गेम होतेच, शिवाय एका फोल्डरमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे शंभरेक गेम होते. एका कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्या कंपनीचे गेम. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं, पीएसपी असाच येतो.

त्या हॅकची युक्ती मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळली आणि कळल्यावर हसूच आलं. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते, तिच्यात बॅटरीचा क्रमांक असतो. तो क्रमांक एका ठराविक आकड्यावर नेला की यंत्राला वाटतं, आपण दुरुस्तीच्या टेबलावर आहोत. मग ते आतल्या मेमरीऐवजी मेमरी स्टिकवरून सुरू होतं आणि तिथे जे असेल ते चालवतं. कारागिरांसाठी ठेवलेला हा मागचा दरवाजा २००७ साली हॅकर्सना सापडला. त्या बॅटरीला सगळे 'पॅन्डोराची बॅटरी' म्हणायचे.

पेटाऱ्यातून जे बाहेर आलं त्यात मला 'मदर ३' मिळाला. बारा-तेरा वर्षांची होते. गेममधली आई पहिल्याच प्रकरणात मरते. मी तो पीएसपी उशीखाली ठेवून झोपले आणि सकाळी काकूला उगाचच मिठी मारली. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी गेम संपवला. पुढची सात-आठ वर्षं मला तो एक चांगला इंग्रजी गेम म्हणून आठवत होता.

मग हॉस्टेलवर असताना एकदा त्याच्याबद्दल वाचायला गेले आणि कळलं की तो इंग्रजीत कधी निघालाच नव्हता.

*

'मदर ३' निन्टेन्डोने २० एप्रिल २००६ रोजी फक्त जपानमध्ये, गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी काढला. लेखक शिगेसातो इतोइ. हा मूळचा गेमवाला नव्हे. जाहिरातींच्या ओळी लिहिणारा, निबंधकार म्हणून जपानमध्ये घरोघरी माहीत असलेला माणूस. त्याचा पहिला 'मदर' १९८९चा, दुसरा १९९४चा. तिसरा आधी 'निन्टेन्डो ६४'साठी बनत होता, वर्षानुवर्षं रखडला आणि २००० साली रद्द झाला. नंतर तो या छोट्या यंत्रासाठी पुन्हा लिहिला गेला. तोवर निन्टेन्डोचं पुढचं यंत्र, डीएस, बाजारात येऊन दीड वर्ष झालं होतं. इंग्रजी आवृत्ती निघाली नाही.

२००६च्या अखेरीस चाहत्यांच्या एका गटाने ठरवलं की भाषांतर आपणच करायचं. त्यांच्यातला मुख्य भाषांतरकार क्लाइड मॅन्डेलिन हा पेशानेच जपानी-इंग्रजी भाषांतरकार. जवळजवळ दोन वर्षं रात्री आणि शनिवार-रविवार घालून त्यांनी काम केलं आणि १७ ऑक्टोबर २००८ रोजी भाषांतर फुकट वाटलं.

वाटलं म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यांनी गेम वाटला नाही. त्यांनी 'पॅच' वाटला. मूळ गेम ३२ मेगाबाइटचा, म्हणजे आज एखाद्या व्हॉट्सॲप व्हिडिओएवढा. पॅचमध्ये फक्त फरक असतो: अमुक जागेचा हा अंश काढा, तिथे हा घाला. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्रक असतं तसा. शुद्धिपत्रकावरून पुस्तक वाचता येत नाही. मूळ प्रत तुमच्याकडे हवीच, आणि ती विकत घ्या असं ते आवर्जून सांगत होते.

दादाच्या पीएसपीवर जो गेम होता त्यात मात्र हे शुद्धिपत्रक कुणीतरी आधीच चिकटवून टाकलं होतं. भाषांतरकारांनी पाळलेली मर्यादा माझ्यापर्यंत पोहोचेतो पुसली गेली होती. हॅकिंग आणि पायरसी हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यांच्यातली फट इथे दिसते. भाषांतर करणारा गट त्या फटीच्या एका बाजूला होता. मी दुसऱ्या.

*

भाषांतर कसं आहे? गेमवरच्या लेखांत हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. फुकट मिळालंय, त्याला काय नावं ठेवायची, अशी आपली वृत्ती. पण ते चांगलं आहे, म्हणून विचारायला हरकत नाही.

एकच उदाहरण देते. गेममध्ये एक फिरता विक्रेता येतो. जपानी आवृत्तीत त्याचं नाव योकुबा. 'योकु' म्हणजे हाव. इंग्रजीत हे नाव तसंच ठेवलं असतं तर त्याचा अर्थ मेला असता. भाषांतरात तो झालाय 'फसाद'. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात 'फसाड' ऐकू येतं, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, मुखवटा. आणि मराठी वाचणाऱ्याला? आपल्याला सरळ फसादच ऐकू येतो. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आलेला आहे आणि अरबीत त्याचा अर्थ बिघाड, भ्रष्टता असा आहे. बारा वर्षांच्या मला त्या माणसाचं नाव वाचताक्षणीच त्याचा संशय आला होता. जपानीतून इंग्रजीत आलेला शब्द मराठी मुलीच्या कानात बरोबर जागी जाऊन बसला.

भाषांतरात एक सूर असतो आणि तो सांभाळणं नावांपेक्षा अवघड. इतोइची वाक्यं छोटी असतात. हसवता हसवता ती अचानक थांबतात. आई मेल्याची बातमी सांगणारा गावकरी म्हणतो, एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट. जंगलात सापडलेला मोठा दात तुला चांगलं हत्यार म्हणून वापरता येईल, ही चांगली बातमी. वाईट बातमी म्हणजे तो दात तुझ्या बायकोच्या छातीत रुतलेला सापडला. चांगली बातमी आधी ऐकून आपण निर्धास्त झालेलो असतो. हा विनोद नाही. विनोदाच्या साच्यात घातलेला आघात आहे. इंग्रजीत तो जसाच्या तसा बसतो.

सगळंच जमलंय असं नाही. गेममध्ये 'मॅजिप्सी' नावाची पात्रं आहेत: पुरुषी चेहरे, स्त्रियांचे कपडे, भडक हावभाव. ती शहाणी आहेत, प्रेमळ आहेत, पण त्यांचं दिसणं-बोलणं थट्टेच्या जुन्या साच्यातलं आहे. आज खेळताना अवघडायला होतं. हा दोष भाषांतराचा नाही, मुळातलाच आहे. आवडत्या कलाकृतीवर लिहिताना तो गाळणं बरं नव्हे.

*

आता गोष्टीकडे. ताझमिली नावाचं एका बेटावरचं गाव. तिथे पैसा नाही. म्हणजे लोक गरीब आहेत असं नाही, पैसा ही वस्तूच त्यांना माहीत नाही. गावात तुरुंग आहे पण तो कधी वापरलेला नाही. बायको मेल्याच्या दुःखात फ्लिंट हाती येईल त्याला मारत सुटतो, तेव्हा त्या तुरुंगाचं पहिल्यांदा उद्घाटन होतं. फ्लिंटला दोन जुळे मुलगे. त्यातला क्लॉस सूड घ्यायला निघतो आणि हरवतो. ल्युकस रडत मागे राहतो.

मग फसाद येतो. गावाच्या चौकात उभा राहून भाषण करतो. तुम्ही सुखी नाही, हे तुम्हाला कळत नाही, एवढंच. माझ्याकडे एक पेटी आहे, ती घरात ठेवा, सुखी व्हाल. त्याच्यासोबत एक माकड आहे, गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा. माकड नाचतं, माणसं टाळ्या वाजवतात.

पुढच्या प्रकरणात तीन वर्षं गेलेली असतात. रेल्वे आलेली. पैसा आलेला. घरोघरी ती चमकणारी 'सुखाची पेटी' आणि तिच्यासमोर बसलेली माणसं. म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम, ज्याच्या छतातून पाणी गळतं. ज्यांनी पेटी घेतली नाही त्यांच्या घरांवर वीज पडते. कुणी त्याबद्दल फार बोलत नाही.

२००६ साली हे लिहिलं गेलं तेव्हा ती पेटी म्हणजे टीव्ही, असा अर्थ लावणं सोपं होतं. आज ती काय आहे हे तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय त्यावरून ठरवा.

मला मात्र पेटी म्हटलं की दादाचा पीएसपी आठवतो. त्यात शंभरावर गेम होते. मी त्यातले नव्वद उघडून पाच मिनिटांत बंद केले. पुढे कॉलेजात कुणाकडे निन्टेन्डो डीएस होता आणि त्यात 'आर४' कार्ड होतं. गेमच्या कार्डाच्या आकाराचं, पण आत मायक्रोएसडी घालायची सोय असलेलं. त्यावर शेकडो गेम होते. तो मुलगा रोज रात्री यादी वरखाली करत बसायचा. काय खेळायचं ते ठरेपर्यंत झोप यायची. कुठल्याही गेमला आपल्यावर कंटाळा आणण्याची संधीच तो देत नव्हता, आणि 'मदर ३'सारखा गेम पहिल्या तासात कंटाळा आणतोच. मेंढ्यांमध्ये फिरायचं, बाजारात गप्पा मारायच्या. पैसे मोजलेला माणूस त्या तासातून पार होतो, कारण त्याने पैसे मोजलेत. मी पार झाले, कारण त्या घरी नेट नव्हतं आणि बाहेर ऊन होतं.

पायरसीच्या वादात नैतिकतेबद्दल खूप बोललं जातं, आस्वादाबद्दल जवळजवळ नाही. फुकटच्या ढिगाने कंपनीचं किती नुकसान होतं यावर भांडता येईल. वाचणाऱ्याचं, खेळणाऱ्याचं नुकसान होतं, यावर भांडण नाही. पिकदाण्या साठत जातात.

*

कंपन्यांची बाजू कमजोर आहे असं मी म्हणणार नाही, कारण माझा पगार तिच्यावर चालतो. आमच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन संपलं की स्क्रीनवर जी पट्टी येते, तिच्यामागचा थोडा कोड माझा आहे. परवाना तपासणारा कोड लिहिताना मला कधी पाप वाटलं नाही. केलेल्या कामाचे पैसे मागणं यात लाजण्यासारखं काही नाही.

हॅक केलेल्या यंत्रांचा सर्रास उपयोग काय होतो, हेही लपलेलं नाही. २०१८ साली निन्टेन्डो स्विचच्या चिपमध्ये एक चूक उघड झाली. यूएसबीने जोडल्यावर ती चिप समोरून येणाऱ्या माहितीची लांबी नीट तपासत नव्हती. चूक चिपमध्ये कोरलेल्या कोडमध्येच असल्याने विकल्या गेलेल्या यंत्रांत ती दुरुस्त करणं शक्य नव्हतं. शोधणारे संशोधक होते. पण नंतर 'टीम एक्झिक्युटर' नावाच्या गटाने पायरसीसाठीची साधनं बनवून विकली. त्या गटातल्या एकाला अमेरिकेत २०२२ साली ४० महिन्यांची शिक्षा झाली. २०२३च्या मे महिन्यात 'झेल्डा' मालिकेतला नवा गेम प्रकाशनाआधीच फुटला. निन्टेन्डोने 'युझू' या एम्युलेटरवर दावा लावला आणि २०२४च्या मार्चमध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड होऊन युझू बंद पडला. जे लोक पंधरा दिवस थांबून पैसे देऊन तो गेम घेऊ शकत होते त्यांनी तो आधी उतरवला, याला जतन म्हणत नाहीत.

पण मालकीच्या रागातून कलाकृतीचं काय होतं, याचंही उदाहरण याच मालिकेत आहे. दुसरा 'मदर' अमेरिकेत १९९५ साली 'अर्थबाउंड' या नावाने आला. नकली प्रत ओळखण्यासाठी त्यात सापळे होते. आधी एक धमकीचा पडदा. तो हॅकरने उडवला तर गेम चालतो, पण रस्त्यावर शत्रूंची गर्दी वाढते. तरीही कुणी तीस-चाळीस तास चिकाटीने खेळत शेवटपर्यंत पोहोचलंच, तर अखेरच्या लढाईत गेम गोठतो. बंद करून पुन्हा लावला तर साठवलेला सगळा खेळ पुसलेला.

हा सापळा इंजिनिअर म्हणून मला कमालीचा हुशार वाटतो. समीक्षक म्हणून तो मला चुकीच्या जागी बसवलेला दिसतो. त्या अखेरच्या लढाईत जिंकायचा मार्ग म्हणजे प्रार्थना. प्रवासात भेटलेली माणसं एकामागून एक त्या मुलांसाठी प्रार्थना करतात आणि शेवटी गेम खुद्द खेळणाऱ्याचं नाव घेतो: यानेही केली. लढाई सुटते ती या परक्या माणसाच्या मायेने. नेमक्या त्याच जागी यंत्र म्हणतं, तू चोर आहेस. हा सापळा पहिल्या मिनिटात आडवा आला असता तर तो फक्त कुलूप ठरला असता. इथे तो गेमच्याच म्हणण्याला खोटं पाडतो.

*

'मदर ३'चा खलनायक पोर्की. तो काळातून भटकून इतका म्हातारा झालाय की मरतच नाही, आणि मनाने मात्र हट्टी पोरच राहिलाय. वेगवेगळ्या काळांतून त्याने माणसं आणि वस्तू गोळा केल्यात आणि त्यांचं एक शहर उभं केलंय, खेळण्यांचं कपाट असावं तसं. हरायला लागल्यावर तो एका गोल कुपीत शिरतो. तिचं नाव 'पूर्ण सुरक्षित कुपी'. ती बनवणारा शास्त्रज्ञ मग समजावतो: ही कुपी खरोखरच पूर्ण सुरक्षित आहे. बाहेरचं काहीही आतल्याला इजा करू शकत नाही. फक्त एकदा आत गेलं की कधीच बाहेर येता येत नाही. कुपीतल्यापासून बाहेरचं जगही तितकंच सुरक्षित.

पोर्की मरत नाही. जगतही नाही. तो तिथे आहे, एवढंच.

कुलूपबंद करून ठेवलेल्या कलाकृतीचं मला याहून नेमकं वर्णन सापडलेलं नाही. 'मदर ३' निन्टेन्डोकडे सुखरूप आहे. २०१५ साली तो जपानमध्ये 'वी यू'वर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो स्विचच्या ऑनलाइन सेवेत आला, पुन्हा फक्त जपानमध्ये. २०१३ साली मॅन्डेलिनने आपलं भाषांतर निन्टेन्डोला फुकट देऊ केलं होतं. ते वापरलं गेलेलं नाही. मी हे लिहितेय तोवर इंग्रजी आवृत्ती विकत घ्यायची कुणाची इच्छा असली, तरी ती विकायला कुठेही ठेवलेली नाही.

हा एकटा गेम असता तर त्याला दुर्दैव म्हणून सोडून देता आलं असतं. पण २७ मार्च २०२३ रोजी '३डीएस' आणि 'वी यू' यांची ऑनलाइन दुकानं बंद झाली. जे गेम फक्त तिथेच विकले जात होते ते त्या दिवशी दुकानातून कायमचे उठले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी प्रसिद्ध केली: तिथे २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. अमेरिकेत ग्रंथालयांना जुने गेम जपण्यासाठी कुलूप तोडायची सवलत आहे, पण ते ग्रंथालयाच्या आवारातच खेळायचे. अभ्यासकांना ते घरून पाहता यावेत ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. म्हणजे जतनाची परवानगी आहे. ती कुपी थोडी मोठी आहे, इतकंच.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यात एक अट आहे: ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलेलं असावं. कुलूप तोडण्याची निव्वळ कृती पुरेशी नाही, हेतू पाहायचा. त्याच कायद्यात एक जुनं कलम आहे, ३२. एखादी साहित्यकृती प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि एखाद्या भाषेत तिचं भाषांतर आलंच नाही, तर दुसऱ्या कुणालाही त्या भाषांतराचा परवाना मागता येतो. आधी हक्कधारकाला विचारावं लागतं, मोबदला द्यावा लागतो, बऱ्याच अटी आहेत. हे कलम गेमना लागू पडेल असं माझं म्हणणं नाही. मला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. भाषांतर न होऊ देणं हासुद्धा हक्कधारकाचा अमर्याद हक्क नाही, असं कुणीतरी कायदा लिहिताना मानलं होतं.

मराठी वाचणाऱ्यांना हे परकं वाटू नये. छपाईतून गेलेल्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर येते तेव्हा हाच वाद होतो. एक जण म्हणतो, लेखकाचं नुकसान. दुसरा म्हणतो, मग पुस्तक कुठे मिळतं ते सांगा. पहिला गप्प होतो. मग तोच दुसरा माणूस दुकानात मिळणाऱ्या, गेल्या महिन्यात आलेल्या पुस्तकाचीही पीडीएफ टाकतो, आणि आता त्याने गप्प व्हायला हवं, पण तो होत नाही.

*

माझी सहानुभूती कुणाकडे आहे ते आतापर्यंत दिसलं असेल. पण 'मदर ३' मला तिथे आरामात बसू देत नाही.

हॅकर मंडळींची स्वतःबद्दल एक आवडती गोष्ट असते. आमच्याकडे सगळं सगळ्यांचं. कुणी मालक नाही. आधी असंच होतं, मग कंपन्या आल्या. म्हणजे थेट ताझमिली.

शेवटाकडे लेडर नावाचा एक उंच, कधीच न बोललेला माणूस तोंड उघडतो आणि सांगतो की ताझमिली असं कधी नव्हतंच. जग आधीच नष्ट झालं होतं. उरलेली माणसं एका पांढऱ्या जहाजातून या बेटावर आली. पुन्हा तसंच घडू नये म्हणून त्यांनी आपल्या आठवणी काढून एका अंड्यात साठवल्या आणि एक नवी गोष्ट रचली: साधं गाव, साधी माणसं, प्रत्येकाला एक भूमिका. पैशाविना चालणारं ते निरागस गाव हे एक नाटक होतं. म्हणूनच फसादने एका भाषणात ते पाडलं. निरागसतेला अनुभव नव्हता. आपण काय गमावून इथे आलोय हेच कुणाला आठवत नव्हतं.

इतोइने पैशाविरुद्ध गेम लिहिला असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. विसरण्याविरुद्ध लिहिलाय. आणि आठवण जपणारी वस्तू, ते अंडं, किल्ल्यात होतं. डस्टरने पिकदाणीऐवजी आणायला हवं होतं ते तेच. चोराकडून बापाला खरं तर राखणदाराचं काम हवं होतं.

भाषांतरकारांच्या गटाने ते केलं. त्यांना मूळ प्रतीची आठवण होती. विकत घ्या म्हणाले, मालकाला फुकट देऊ केलं, पैसे घेतले नाहीत. आमच्या दुकानदाराने मेमरी स्टिक भरून देताना हे सगळं विसरून टाकलं, आणि मी तर कधी जाणलंच नव्हतं. इतोइचं नाव मला सात-आठ वर्षांनी कळलं. मॅन्डेलिनचं त्यानंतर. एखादं पुस्तक मुखपृष्ठ फाडून, लेखक-अनुवादकाचं पान काढून हातात यावं, तसं. पैसे न देण्यापेक्षा मला आज याचीच जास्त टोचणी आहे.

*

मागच्या वर्षी टीममधली एक सहकारी कामासाठी टोकियोला गेली होती. तिच्याकडून मी 'मदर ३'चं जुनं कार्ट्रिज मागवलं. सेकंडहॅन्ड. त्यातला एक येनही इतोइला किंवा निन्टेन्डोला मिळाला नाही, हे मला ठाऊक आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला देशाचं कुलूप नसतं, त्यामुळे जपानी कार्ट्रिज इथल्या यंत्रात चालतं. मी एक जुना डीएस लाइट मिळवला, त्यात ते बसवलं.

अक्षर वाचता येईना. पण लढाई सुरू झाली आणि मला काहीतरी नवं ऐकू आलं. या गेममध्ये पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत गेलं की सलग सोळापर्यंत फटके मारता येतात. ठेका सापडत नसेल तर शत्रूला झोपवायचं. झोपलेल्या शत्रूच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, तोच ठेका. लहानपणी पीएसपीवर मला तीन-चारच्या पुढे कधी जमलं नव्हतं. मला वाटायचं, मला ताल नाही. खरं तर एम्युलेटरमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचत होता. या यंत्रावर मी पहिल्याच रात्री अकरापर्यंत गेले.

म्हणजे माझ्याकडे आता दोन अर्धे गेम आहेत. एकात शब्द आहेत आणि ठोका चुकतो. दुसऱ्यात ठोका आहे आणि शब्द कळत नाहीत. दोन्ही एकत्र असलेला गेम मला हवाय, आणि तो मी पुऱ्या किमतीला घ्यायला तयार आहे. तो विकण्याचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो विकावा. तोवर मी तो पॅच ठेवणार आहे, आणि कुणी मागितला तर लेखकाचं आणि भाषांतरकाराचं नाव सांगूनच देणार आहे.